नागपूर : अडीच फुटी रूळ, हातपाळणा आणि महाराजबाग

नागपूरला चाललो म्हटलं की लोक ताडोबा सांगतात, पेंच सांगतात, दीक्षाभूमी सांगतात. ते सगळं पाहावंच. या खेपेला मात्र माझ्या मनात वेगळं होतं. शाळेला सुट्टी लागली होती आणि सात वर्षांच्या लेकीला घेऊन मला शहरातल्या जुन्या, लहान करमणुकीच्या जागा बघायच्या होत्या. तिकीट काढून दिवसभर आत कोंडून घेतात ती वॉटरपार्कं मला नको होती. तासा-दोन तासांत बघून होतं, पोरांना घाम येईपर्यंत हुंदडता येतं आणि आजोबांना टेकायला बाक मिळतो, अशा जागा हव्या होत्या.

मी नाशिकला एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक आहे. त्यामुळे पाळणा असो की झुकझुकगाडी, माझी नजर आधी बेअरिंगकडे जाते. हे वर्णन त्या नजरेने लिहिलेलं आहे.

शनिवार

सेवाग्राम एक्स्प्रेसने सकाळी सकाळी उतरलो. डिसेंबरातली नागपूरची थंडी नाशिककरालाही लागते. लेक शालीतून नाक बाहेर काढायला तयार नव्हती. मामा स्टेशनवर आले होते, कानटोपी घालून. मामा रेल्वेतून निवृत्त झालेत. क्लीनर म्हणून लागले, मग फायरमन, मग ड्रायव्हर. उमेदीची सगळी वर्षं नॅरोगेजवर, म्हणजे अरुंद रुळांच्या गाड्यांवर गेली. त्यांच्या घरी आजही रेल्वेला 'बीएनआर' म्हणतात. बंगाल नागपूर रेल्वे ही कंपनी १८८७ मध्ये निघाली आणि जाऊनही किती काळ लोटला, पण अजनीतल्या त्या घरात ती अजून नोकरीवर आहे.

मामीने तर्री पोहे पुढे ठेवले. "तर्री कमी घाल बाप्पा पोरीला," असं मामा सांगून राहिले होते, तोवर लेकीने दोन घास खाऊन पाणी मागितलंसुद्धा.

दुपारी सिव्हिल लाइन्समधल्या अजब बंगल्यात गेलो. मध्यवर्ती संग्रहालय हे त्याचं सरकारी नाव रिक्षावाल्यालाही सांगावं लागत नाही. १८६३ मध्ये, सर रिचर्ड टेंपल मध्य प्रांताचे चीफ कमिशनर असताना ते सुरू झालं. पेंढा भरलेले प्राणी-पक्षी, दगडी मूर्ती, ताम्रपट, हत्यारं असा संग्रह. लेक पक्ष्यांपुढून हलेना. मी मूर्तींकडे वळलो आणि मामा बाकावर.

संध्याकाळी सेमिनरी हिल्सवर नुसतंच चालायला गेलो. वनखात्याच्या बालोद्यानातली 'वनबाला' ही झुकझुकगाडी नागपूरच्या दोन पिढ्यांना तोंडपाठ आहे. लहानपणी मामांनी मला त्याच गाडीत बसवलं होतं. झाडांच्या फांद्या डब्याला लागत होत्या आणि मामा सांगत होते, हात आत घे. आज मात्र प्रवासाचा शीण होता. टेकडी उतरून फुटाळा तलावाच्या काठावर भाजलेलं कणीस खाल्लं आणि घरी आलो.

रविवार

या दिवसासाठीच खरं तर आलो होतो.

सीताबर्डीहून मेट्रोने कडबी चौकात निघालो. लेकीला मेट्रो म्हणजेच पाळणा. झिरो माइल, कस्तुरचंद पार्क झालं की गड्डीगोदाम येतं. तिथे एकावर एक अशा वाटा आहेत: खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर आपण. मामा खिडकीला कपाळ लावून खालचे रूळ बघत होते. "या पुलाखालून मी किती खेपा केल्या असतील," एवढंच म्हणाले.

कडबी चौकाजवळ, मोतीबागेत, नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचं हे संग्रहालय १४ डिसेंबर २००२ रोजी सुरू झालं. म्हणजे तसं जुनं नाही, पण आतल्या वस्तू त्याच्या कितीतरी आधीच्या. आवार आटोपशीर आहे. झाडं, हिरवळ, छोटी इंजिनं, डबे, सिग्नल, आणि पोरांसाठी आवारातच फेरी मारणारी झुकझुकगाडी.

आधी रूळ बघितले. लेकीला म्हटलं, दोन्ही रुळांवर एकेक पाय ठेवून उभी राहा. पाय ताणून ती बरोबर उभी राहिली. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. आपण नेहमी बसतो त्या ब्रॉडगेजचं १६७६. सातपुड्यातल्या वळणावळणाच्या वाटेला रुंद रूळ न्यायचे तर डोंगर जास्त फोडावा लागतो, पूल मोठे बांधावे लागतात आणि खर्च कंपनीला झेपत नाही. म्हणून १९०३ ते १९०५ च्या सुमारास गोंदिया-नैनपूर-जबलपूर हा अरुंद रुळांचा मार्ग झाला, आणि पुढे नागपूरच्या भोवती असे फाटे पसरत गेले. नागपूर-छिंदवाडा २०१५ मध्ये बंद झाला. जबलपूर-नैनपूरही त्याच वर्षी. नागपूर-नागभीड, मामांचा लाडका मार्ग, नोव्हेंबर २०१९ मध्ये. सगळीकडे ब्रॉडगेज आलं किंवा येतंय, आणि ते यायलाच हवं. उमरेड, भिवापूरच्या माणसाने शंभरेक किलोमीटरला अर्धा दिवस का घालवावा? पण त्या गाड्यांमागे जी कारागिरी होती ती कुठेतरी हाताला लागेल अशी राहायला हवी, आणि ती इथे राहिली आहे.

एका वाफेच्या इंजिनाच्या कॅबमध्ये मामा चढले. बहात्तरीच्या माणसाने तो दांडा धरून पाय वर टाकला तो असा, की मला हात द्यायचीही सवड मिळाली नाही. लेकीला वर ओढून घेतलं आणि त्यांची शाळा सुरू झाली.

"हे तोंड पाहून राहिली ना? यात कोळसा टाकायचा. पण फेकायचा नाही. पसरायचा. पातळ थर, सगळीकडे सारखा. ढीग केला की आग बसते."

मग वर बोट दाखवलं. "आणि इथे काचेची नळी राहायची. गेजग्लास. बॉयलरमध्ये किती पाणी आहे ते तिच्यात दिसते. एक डोळा रस्त्यावर नसला तर चालते, ड्रायव्हर आहे ना. पण या काचेवरून डोळा हलला नाही पाहिजे फायरमनचा."

"पाणी संपलं तर?" लेकीने विचारलं.

"तर वरच्या पत्र्यात शिशाचा प्लग असतो. पाणी खाली गेलं की तो उघडा पडते, आचेने वितळते, आणि वाफ सुसाट सुटून आगीवर येते. आग मंदावते. बॉयलर वाचते. फायरमनची नोकरी काही वाचत नाही."

मामांच्या अख्ख्या नोकरीत तो प्लग एकदाही वितळला नाही, हे त्यांनी आवाज खाली आणून, पण छाती काढून सांगितलं.

लेकीचा पुढचा प्रश्न मला फार आवडला. बॉयलरमध्ये आधीच एवढी वाफ दाबून भरली आहे, तर बाहेरचं पाणी आत शिरतं कसं? ते तर उलट बाहेर उडायला पाहिजे. मामांनी तिला इंजेक्टर दाखवला. हातभर लांबीचा पितळी तुकडा. त्यात ना पंखा, ना पट्टा. बॉयलरचीच थोडी वाफ त्यातल्या अरुंद तोंडातून सोडायची. तोंड अरुंद, म्हणून झोत जोरात सुटतो. तो टाकीतल्या पाण्याला भिडतो, गार पाण्यात वाफ निवून जाते आणि तिचा वेग पाण्याला मिळतो. पुढे नळी रुंद होत जाते तसा तो वेग दाबात बदलतो, आणि तो दाब बॉयलरच्या दाबाला पुरून उरतो. वाल्व्ह उघडतो, पाणी आत. मी इतकी वर्षं डिझेल इंजिनं खोलतोय, पण इतका साधा आणि इतका हुशार भाग क्वचित पाहिला असेल. मामा म्हणाले, तो नीट 'धरला' की त्याचा आवाज बदलतो, आणि अंधारातही फायरमनला कानाने कळतं. तो आवाज त्यांनी तोंडाने काढून दाखवला. लेकीने दिवसभर तोच काढला.

झुकझुकगाडीत मग तिघेही बसलो. गुडघे समोरच्या बाकाला टेकत होते. फेरी लहानच, वेग पायी चालणाऱ्याहून थोडा जास्त. पण त्या वेगात काय होतं बघा: बाजूने उभं असलेलं प्रत्येक इंजिन नीट बघून होतं, वळण आलं की पुढचा डबा दिसतो, हात हलवला तर बाकावरच्या आजीला परत हात हलवायला वेळ मिळतो. लेक दोनदा बसली, दुसऱ्यांदा मामांना घेऊन. मामा डब्याच्या चाकाकडे कान देऊन बसले होते. उतरल्यावर सांगितलं, "चाकं चांगली ठेवली आहेत. रूळ घासून नाही राहिले." ज्याला कळतं त्याने दिलेलं ते प्रशस्तिपत्र. ज्यांनी ती गाडी तेलपाण्यात ठेवली आहे त्यांच्यापर्यंत ते पोचावं म्हणून इथे लिहितो आहे.

परत येताना शकुंतलेचा विषय निघालाच. विदर्भातल्या नॅरोगेजचा विषय तिच्याशिवाय संपत नाही. मूर्तिजापूर-यवतमाळ, ११३ किलोमीटर, किलिक-निक्सन कंपनीची गाडी. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत चाललं. सत्तर वर्षं! आमच्याकडे दहा-बारा वर्षांत बस भंगारात जाते. त्या इंजिनाला सत्तर वर्षं ओढत ठेवणाऱ्या हातांची नावं कुठल्याही पाटीवर नाहीत, आणि मला ते खरंच लागतं.

संध्याकाळी अचानक दुसरी गंमत मिळाली. दत्तजयंतीचा मेळा होता. मामांच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, देवळापुढच्या मैदानात. फुगे, बुढ्ढी के बाल, बंदुकीने फुगे फोडायचा फळा, आणि एका कोपऱ्यात हाताने फिरवायचा पाळणा. लोखंडी, चार पेट्यांचा. निळा, पिवळा, लाल आणि एक पेटी नुकतीच हिरवी रंगवलेली.

मी आधी पाळण्याभोवती फिरून आलो. दोन बाजूंना दोन तिकाटणी, मधे आडवा आस. पायांखाली जाड फळ्या घातल्या होत्या, जमीन भुसभुशीत म्हणून. प्रत्येक पेटी ज्या पिनेवर झुलते त्या पिनेच्या टोकाशी, ती निसटू नये म्हणून घालतात ती दोन पायांची स्प्लिट पिन होती, चारही ठिकाणी, आणि दोन्ही पाय नीट वाकवलेले. आसाच्या बेअरिंगवर ग्रीस ताजं. पाळणेवाल्याने मला बघताना बघितलं.

"क्या देख रहे, साहब?"

"पिन."

त्याने काही न बोलता खिशातून मूठभर स्प्लिट पिना काढून दाखवल्या. एकदा काढलेली पिन परत घालायची नाही, हा त्याच्या वडिलांचा नियम, असं तो म्हणाला. आमच्या वर्कशॉपातही तोच नियम आहे आणि नव्या पोरांच्या तो गळी उतरवताना आमचा जीव जातो. मी लेकीला निर्धास्त बसवलं.

त्याचं काम बघत राहावं असं होतं. आधी मुलांचं वजन तो डोळ्यांनीच तोलतो. जाड्या मुलासमोर दोन बारक्या मुली. कुणी एकटंच आलं तर समोरच्या पेटीत एक वाळूचं पोतं. मग वरून खाली येणाऱ्या पेटीच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून अंग टाकतो, तिच्याबरोबर वाकतो, सोडतो, तोवर पुढची आलेली असते. चार-पाच ढकलण्यांत पाळणा स्वतःच फिरू लागतो आणि तो नुसता तळव्याने टेकू देत राहतो. थांबवतानाही झटका नाही. दर पेटीला जरासा अडवत नेतो. एक लहानगा वर गेल्यावर रडायला लागला. अर्ध्या फेरीत पाळणा थांबला, पोर आईच्या कडेवर गेलं, वाळूचं पोतं त्याच्या जागी बसलं आणि पाळणा परत चालू. मोठ्या आकाशपाळण्यात हे होत नाही. तिथे मशीन चालवणारा लांब केबिनमध्ये असतो, गाण्याचा आवाज कानठळ्या बसवणारा असतो, आणि वरचं रडणं त्याला ऐकूही येत नाही. इथे चालवणाऱ्याचा हात आणि पोराचं तोंड यांत दोन फुटांचं अंतर आहे.

मला वाटतं, या जागा टिकल्या त्या लहान आहेत म्हणूनच. एका माणसाला रोज सगळे नटबोल्ट हाताने तपासता येतात. सुटे भाग गावातल्या लेथवर बनतात. बिघडलं तर कंपनीच्या माणसाची वाट बघत महिनाभर ताडपत्री घालून ठेवावं लागत नाही. रामटेकची त्रिपुरी पौर्णिमेची जत्रा करून हा पाळणेवाला आला होता. सगळा पाळणा उलगडून एका टेम्पोत मावतो. त्याचा मुलगा मात्र एका गॅरेजमध्ये लागला आहे आणि पाळण्यावर येत नाही. माझं सरळ म्हणणं आहे: शहरातल्या प्रत्येक मोठ्या बागेत अशा एका पाळण्याला वर्षभराची कायमची जागा द्यावी. तपासणीचा दाखला मागावा, विमा करवून घ्यावा, आणि जागा द्यावी. हा धंदा बुडायला नको.

सोमवार

अजब बंगला, महाराजबाग, रेल्वे संग्रहालय यांना सोमवारी सुट्टी असते. येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. आम्ही गांधीसागराकडे गेलो. देवगडचा गोंड राजा चांद सुलतान याच्या काळचा हा तलाव, जुना जुम्मा तलाव किंवा शुक्रवारी तलाव. जवळच रमण विज्ञान केंद्र आहे, ७ मार्च १९९२ ला सुरू झालेलं. लेकीने तिथल्या बागेतलं सगळं ओढून, फिरवून, दाबून पाहिलं. दुपारी इतवारीत संत्री घेतली. रात्री मामीचा गोळाभात, वरून हिंग-मोहरीची गरम फोडणी ओतलेला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, कारण लिहिताना भूक लागते.

मंगळवार

महाराजबाग. भोसल्यांची बाग, इंग्रजांच्या काळात १८९४ मध्ये तिथे प्राणिसंग्रहालय झालं. आज ते पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे, इथल्या कृषी महाविद्यालयामार्फत आहे. शेजारून नाग नदी जाते. सीताबर्डीच्या गजबजाटातून आत शिरलं की आधी कानाला फरक कळतो, मग नाकाला: ओली माती, पाला, हरणांच्या गवताचा वास.

जगात जुन्या करमणुकीच्या बागांची वाट पुष्कळदा अशीच गेलेली दिसते. टोकियोच्या आसाकुसा भागात हानायाशिकी म्हणून एक चिमुकलं पार्क आहे. १८५३ मध्ये ते फुलांची बाग म्हणून सुरू झालं, मग तिथे प्राणी आले, मग पाळणे. तिथली १९५३ ची रोलरकोस्टर जपानमधली सगळ्यात जुनी, आणि तिचा वेग ताशी ४२ किलोमीटर. आमची एसटी गावातून जाते तेवढा. तरी लोक अजून तिच्यात बसायला जातात. एवढ्याशा जागेत दाटीवाटीने सगळं बसवलेलं आणि सत्तर वर्षं जपलेलं. महाराजबाग तिच्यापेक्षा ऐसपैस आहे, झाडं कितीतरी जुनी आहेत. बागेनंतर प्राणी, प्राण्यांच्या बाजूला झोपाळे आणि घसरगुंड्या, इथपर्यंतचा प्रवास मात्र तोच.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो. वाघ आणि बिबट्या बघताना मला बरं वाटलं नाही. शहराच्या मधोमध, एवढ्या जागेत, त्या जनावराने कुठवर येरझाऱ्या घालायच्या? २०१८ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने महाराजबागेची मान्यता काढली होती, तेव्हा नागपूरकर हळहळले. हळहळ मलाही कळते. तीन-चार पिढ्यांनी आयुष्यातला पहिला वाघ इथे पाहिला. पण २६ जानेवारी २०२१ पासून गोरेवाड्याचं मोठं प्राणी उद्यान उघडलं आहे. मोठ्या जनावरांना मोकळी जागा तिथे आहे. इथे पक्षी राहू द्यावेत, हरणं राहू द्यावीत, आणि बाकी जागा पोरांना द्यावी. सव्वाशे वर्षांहून जुन्या बागेला वाघावाचून कमीपणा येणार नाही.

लेकीनेही तिचा कौल दिला. वाघापुढे ती दोन मिनिटं थांबली. मोराने पिसारा फुलवला तिथे दहा मिनिटं. सी-सॉवर मात्र तासभर, एका अनोळखी मुलीबरोबर; दोघींनी एकमेकींचं नावही विचारलं नाही. सी-सॉचा मधला बुश, म्हणजे आसावरची नळी, झिजलेला होता, वर जाताना खट्ट वाजायचा. त्या खट्टवर त्या दोघी हसायच्या. मी जाऊन वाकून पाहिलं. खालचा बोल्ट घट्ट होता, काळजीचं काही नव्हतं. दारावरच्या माणसाला बुशचं सांगितलं, त्याने वहीत लिहून घेतलं.

बागेला लागूनच कृषी महाविद्यालयाची रोपवाटिका आहे. मामांनी संत्र्याचं कलम घ्यायचा आग्रह धरला. नाशिकच्या चौथ्या मजल्यावर संत्रं कुठे लावू, हे मी त्यांना पटवेपर्यंत मामीने कढीपत्त्याचं रोप पिशवीत घातलंसुद्धा.

रात्रीच्या सेवाग्रामने परत निघालो. मामीचं म्हणणं, एवढ्या लांबून येऊन राहिले तर पोळ्याला या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, काळी मारबत १८८१ पासूनची आणि पिवळी १८८५ पासूनची. संध्याकाळी तान्हा पोळा, लाकडी बैल ओढत सगळी पोरं रस्त्यावर. लेकीला बैलाला चाकं असतात एवढंच ऐकायला मिळालं आणि तिने मामांना तिथेच प्लॅटफॉर्मवर विचारून घेतलं, चाकांना बेअरिंग असतं का. मामांनी तिला शब्द दिलाय, तिच्या बैलाला ते घालून ठेवणार आहेत. भाद्रपदाच्या आधीच्या अमावास्येची तिकिटं काढायला लागणार.